लॉगर लिहीत असतानाच तीच फाइल वाचायची आहे, मार्ग सुचवा

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. निफाडकडे आमचं द्राक्षाचं पॅकहाउस आहे, सोबत छोटं कोल्ड स्टोरेज. माल शून्य अंशाच्या आसपास आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतो. खोल्यांमधले सहा सेन्सर एकाच आरएस-485 वायरवर आहेत. यंत्रणा बसवणाऱ्यांनी दिलेला लॉगर प्रोग्राम दर मिनिटाला सहाही तापमानांची एक ओळ सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या आकड्यांची साधी मजकूर फाइल) लिहितो. कॉम्प्युटर विंडोजचा. लॉगरचा सोर्स आमच्याकडे नाही, त्यामुळे त्यात काहीही बदलता येत नाही.

भाच्याने सी शार्पमध्ये एक प्रोग्राम करून दिलाय. तो थोड्या थोड्या वेळाने ही फाइल वाचतो आणि एखादी खोली 2 अंशांच्या वर गेली की माझ्या आणि ऑपरेटरच्या मोबाइलवर मेसेज टाकतो. कल्पना चांगली आहे, पण तीन ठिकाणी अडतंय.

ऑफिसातून मुनीमजींनी शेअर्ड फोल्डरमधली तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली की लॉगरचं लिहिणं बंद. एक्सेल बंद केल्यावर पुन्हा चालू होतं, पण मधल्या ओळी गेल्या त्या गेल्याच.

दुसरं म्हणजे आमच्या प्रोग्रामला अधूनमधून 'ही फाइल दुसरी प्रोसेस वापरत आहे' अशी एरर येते. आणि एक्सेल कुठेही उघडलेलं नसताना लॉगरची एखादी ओळ गायब असते.

तिसरी अडचण सगळ्यात घातक. शेवटच्या ओळीत कधी कधी सहाच्या जागी चारच आकडे मिळतात. प्रोग्राम रिकामा रकाना शून्य धरतो, आणि द्राक्षाला शून्य अंश म्हणजे उत्तम! खोली तापत असली तरी गजर वाजणार नाही. निर्यातीचा माल आत आहे. एकदा देठ सुकले की तो माल परत ताजा होत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सांगा.

खटपट्या

फाइल लॉक करून वाचा. वाचायच्या आधी लॉक घ्या, वाचून झाल्यावर सोडा. लॉगर तेवढा वेळ थांबेल.

प्राची_क

खटपट्या, इथे लॉक नको. का ते शेवटी सांगते.

द्राक्षवेल दादा, तुमच्या पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. विंडोजमध्ये फाइल उघडताना प्रोग्राम दोन गोष्टी सांगतो: मला काय करायचंय, आणि माझ्याकडे फाइल असेपर्यंत इतरांना काय करायची मुभा आहे. मुभा तीन प्रकारची: वाचणं, लिहिणं, आणि काढून टाकणं (नाव बदलणंही याच तिसऱ्यात येतं). नवा प्रोग्राम फाइल मागतो तेव्हा विंडोज दोन्ही बाजूंनी पडताळणी करतं. नव्याला जे करायचंय त्याला जुन्याची मुभा आहे का, आणि जुना जे करतोय त्याला नव्याची मुभा आहे का. एकीकडे जरी नाही आलं तरी एरर क्रमांक 32, म्हणजे शेअरिंग व्हायोलेशन.

बहुतेक जण अडकतात ते या दुसऱ्या बाजूवर. भाच्याने फाइल.रीडऑललाइन्स (सगळ्या ओळी एकदम वाचणारी सी शार्पची आज्ञा) वापरलं असणार. ते फाइल उघडतं 'मला वाचायचंय, इतरांनीही फक्त वाचावं' असं म्हणून. लॉगरच्या हातात फाइल लिहिण्यासाठी असेल तर तुमच्या प्रोग्रामला एरर येणार. आणि नेमका तुमचा प्रोग्राम वाचत असताना लॉगर फाइल उघडायला आला तर एरर लॉगरला येणार, त्याची ओळ जाणार. गायब ओळींचं कोडं माझ्या मते हेच आहे: तुमचा वाचणारा प्रोग्रामच लॉगरला अडवतोय.

उपाय लहान आहे. रीडऑललाइन्स काढा, फाइलस्ट्रीम वापरा, आणि उघडताना फाइलअॅक्सेस.रीड सोबत फाइलशेअर.रीडराइट आणि फाइलशेअर.डिलीट दोन्ही द्या. स्वतः फक्त वाचायचं असलं तरी इतरांना लिहिण्याची मुभा द्यावीच लागते.

एक्सेलवरून एक अंदाज बांधता येतो. लॉगरने फाइल दिवसभर धरून ठेवली असती तर एक्सेललाच ती 'फक्त वाचनासाठी' मिळाली असती, लॉगरला काही झालं नसतं. तुमच्याकडे उलटं होतंय, म्हणजे लॉगर दर मिनिटाला फाइल उघडतो, ओळ लिहितो, बंद करतो. मधल्या मोकळ्या वेळात एक्सेल घुसतं आणि मग कुणालाच लिहू देत नाही. मुनीमजींना मूळ फाइल द्यायचीच नाही, प्रत द्यायची.

लॉक का नको: लॉगर थांबून पुन्हा प्रयत्न करतो असं तुमच्या वर्णनात कुठेच दिसत नाही. त्याला फाइल मिळाली नाही की तो ओळ टाकून पुढे जातो.

अण्णा_जुनेजाणते

प्राचीने नेमकं सांगितलं. त्याला एक जोड देतो, कारण अशी जोडकामं आयुष्यभर केली आहेत. जो मोजमाप घेतो त्याला थांबवायचं नाही. वाचणारा दहा वेळा परत येऊ शकतो. दोन वाजून पंधरा मिनिटांचं तापमान दोन सोळाला मोजता येत नाही. कोल्ड स्टोरेज असो, हवामान केंद्र असो, आयसीयूतला मॉनिटर असो, हा क्रम उलटा करणारी कुठलीही रचना मी मान्य करणार नाही.

आता तिसरी अडचण. ती मुभा देऊन सुटत नाही, उलट वाढते. आतापर्यंत विंडोज तुम्हाला आडवं येत होतं म्हणून अर्ध्या ओळी कमी दिसत होत्या. रीडराइटची मुभा दिलीत की अर्धी लिहिलेली ओळ नियमितपणे समोर येईल.

अर्धी ओळ येते कुठून? एक शक्यता तुमच्याच वर्णनात आहे. एका वायरवर सहा सेन्सर म्हणजे लॉगर एकेकाला विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग पुढच्याला विचारतो. मॉडबसवर (अशा वायरवरून सेन्सरशी बोलायची पद्धत) एखाद्या सेन्सरने उत्तर दिलं नाही तर टाइमआउटपर्यंत खोळंबा होतो. लॉगर आकडा मिळेल तसा फाइलमध्ये टाकत असेल तर ओळ काही क्षण अर्धीच असणार. तेवढ्यात तुम्ही वाचलंत की चार आकडे.

दुसरी शक्यता बफरची. प्रोग्रामने 'लिही' म्हटलं की बाइट लगेच फाइलमध्ये जात नाहीत, आधी मेमरीत साठतात. बफर 4096 बाइटचा असेल तर 4096 भरले की ते पुढे जातात, मग ओळ कुठेही तुटो. तुटलेली जागा आकड्याच्या मधोमध असली तर जास्त वाईट. 11.4 लिहायचं होतं, फाइलमध्ये पोचलं नुसतं 1. हा 1 दिसायला अगदी खरा आकडा आहे. प्रोग्राम तक्रार करणार नाही, गजर वाजणार नाही. एरर आलेली परवडली, पटणारा चुकीचा आकडा परवडत नाही.

म्हणून नियम असा: ओळीच्या शेवटी नवीन-ओळ चिन्ह दिसलं तरच ती ओळ खरी. फाइलचा शेवट म्हणजे माहितीचा शेवट नव्हे. मागच्या वेळी शेवटचं नवीन-ओळ चिन्ह कितव्या बाइटवर होतं ते लक्षात ठेवा. पुढच्या वेळी तिथून पुढचं वाचा, पुन्हा शेवटच्या चिन्हापर्यंतच स्वीकारा, त्यापुढचं शेपूट सोडून द्या. ते पुढच्या फेरीत पूर्ण होऊन मिळेल.

आणि रिकामा रकाना शून्य धरणं आजच्या आज बंद करा. रिकामं म्हणजे 'माहीत नाही'. त्याच्यासाठी वेगळा गजर हवा.

द्राक्षवेल

अण्णा, प्राचीताई, मनापासून आभार. भाच्याला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. रिकामा रकाना शून्य धरणारी ओळ त्याने लगेच काढली. बाकीचं आज रात्री बसून करतो म्हणाला.

एक शंका. फाइल पूर्ण झाली की नाही हे तिच्या आकारावरून नाही का कळणार? आकार काही सेकंद स्थिर राहिला की वाचायची?

प्राची_क

नका, दादा. आकारावर विसंबणं म्हणजे अंदाज करणं. लिहिणारा मध्येच अडला, नेटवर्क मंद झालं, सेन्सरने उत्तर दिलं नाही, की आकार स्थिर राहतो आणि काम मात्र अर्धवट असतं.

शिवाय विंडोजमध्ये फोल्डरच्या यादीत दिसणारा आकार फसवा असतो. प्रोग्राम फाइल धरून लिहीत असेल तर एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलसिस्टिम, त्या यादीतली नोंद बरेचदा फाइल बंद झाल्यावरच ताजी करतं. एक्स्प्लोररमध्ये 0 केबी दिसतं आणि आत भरपूर माहिती असते. शेअर्ड फोल्डरवरून बघत असाल तर एसएमबीचा क्लायंट (नेटवर्कवरचे शेअर्ड फोल्डर दाखवणारा विंडोजचा भाग) फाइलची माहिती स्वतःकडेही साठवतो, विंडोजमध्ये मुळात 10 सेकंद. म्हणून गजराचा प्रोग्राम लॉगरच्याच कॉम्प्युटरवर चालवा, ऑफिसातून नेटवर्कवरून नको.

फाइलसिस्टिमवॉचरचंही (फोल्डरमध्ये बदल झाला की प्रोग्रामला कळवणारी सोय) तसंच. 'फाइल तयार झाली' ही सूचना फाइल जन्माला आल्याची असते, पूर्ण झाल्याची नव्हे. 'जा, बघ' एवढाच तिचा अर्थ घ्या.

सागर_रत्नागिरी

व्हिडिओवाल्यांचा अनुभव जोडतो. आम्ही भजन स्पर्धा आणि नाटकं रेकॉर्ड करतो. रेकॉर्डिंग चालू असतानाच मागचा भाग दुसऱ्या प्रोग्रामात घेऊन बघायचा असतो. साध्या एमपी4 मध्ये ते होत नाही, कारण फाइलची अनुक्रमणिका, जिला मूव अॅटम म्हणतात, रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. तोवर आतल्या चित्रांना पत्ता नसतो. मधेच वीज गेली तर तासाभराचं रेकॉर्डिंग जागेवर असूनही उघडत नाही. एमकेव्ही किंवा तुकड्यातुकड्यांच्या एमपी4 मध्ये प्रत्येक तुकडा स्वतःची माहिती बाळगतो, म्हणून मागचे तुकडे वाचता येतात. टीव्हीच्या ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये तर 188 बाइटची पाकिटंच असतात, कुठूनही सुरुवात करा.

वैदेही_ल

अण्णांनी आकडा मधोमध तुटण्याचं लिहिलंय, तसंच आपल्या अक्षरांचंही होतं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. 'शीतकक्ष' या शब्दात जोडाक्षर सुटं करून सात चिन्हं आहेत, म्हणजे 21 बाइट. तुमचा वाचणारा ठरावीक बाइट वाचून लगेच अक्षरांत रूपांतर करत असेल तर कधीतरी एखाद्या चिन्हाच्या दुसऱ्या बाइटवर येऊन थांबेल. मग एकतर एरर, नाहीतर काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. खोल्यांची नावं मराठीत असतील तर आधी बाइट गोळा करा, नवीन-ओळ चिन्हापर्यंत तोडा, आणि मगच अक्षरं करा. यूटीएफ-8 मध्ये नवीन-ओळ चिन्हाचा बाइट दुसऱ्या कुठल्याही चिन्हाच्या पोटात येत नाही, त्यामुळे असं तोडणं सुरक्षित असतं.

खटपट्या

लॉकचा मुद्दा पटला. पण लिनक्सवर ही कटकटच नाही ना? तिथे कोणीही कधीही वाचू शकतो.

अण्णा_जुनेजाणते

कटकट आहे, फक्त दिसत नाही. विंडोज अडवून सांगतं, लिनक्स अडवतच नाही. तिथले फ्लॉक आणि एफसीएनटीएल हे लॉक परस्पर सामंजस्याचे आहेत, दोन्ही प्रोग्राम ते पाळत असतील तरच उपयोग. सक्तीच्या लॉकची सोय होती, ती 2021 मध्ये 5.15 कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) काढून टाकली, आणि योग्यच केलं. एफसीएनटीएलची आणखी एक खोड: त्याच प्रोसेसने त्याच फाइलचं दुसरं कुठलंही हँडल (फाइल उघडल्यावर मिळणारा दुवा) बंद केलं तरी लॉक सुटतो. एखादी लायब्ररी तुमच्या नकळत फाइल उघडून बंद करते आणि तुम्ही समजता की लॉक आपल्याकडेच आहे.

लिहिणारा प्रोग्राम आपला असेल आणि फाइल एकदाच पूर्ण करून द्यायची असेल, तर यापेक्षा चांगला आणि जुना रस्ता आहे. वेगळ्या नावाने लिहा, पूर्ण झाली की एफसिंक करा (मेमरीतलं सगळं खरोखर डिस्कवर उतरवणारी आज्ञा), मग खरं नाव द्या. नाव बदलणं ही एकसंध क्रिया आहे. त्या नावाने उघडणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल मिळते किंवा नवी पूर्ण फाइल मिळते, अर्धी कधीच नाही. क्रोम डाउनलोड करताना .सीआरडाउनलोड लावतो, फायरफॉक्स .पार्ट लावतो, विनएससीपी .फाइलपार्ट लावतो, ते याचसाठी.

दोन पथ्यं मात्र पाळा. तात्पुरती फाइल त्याच फाइलसिस्टिमवर हवी. दुसऱ्या डिस्कवर ठेवलीत तर लिनक्सची एमव्ही (फाइल हलवणारी) आज्ञा निमूटपणे कॉपी करून मूळ पुसते, आणि कॉपी चालू असताना अर्धी फाइल खऱ्या नावाने सगळ्यांना दिसते. दुसरं, एफसिंक गाळू नका. 2009 च्या सुमाराला ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइलसिस्टिम नवी असताना वीज गेल्यावर लोकांना शून्य बाइटच्या फाइली मिळत होत्या. नाव बदललेलं डिस्कवर पोचलं होतं, आतला मजकूर पोचला नव्हता. नंतर कर्नलमध्ये त्याची सोय केली, तरी मी एफसिंक केल्याशिवाय नाव बदलत नाही.

सतत वाढणाऱ्या लॉगसाठी हा रस्ता चालत नाही. तिथे नवीन-ओळ चिन्हाचाच नियम.

मीरा_हॅम्बुर्ग

हा धागा वाचून राहवलं नाही. मी इथे सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरणांचा झोत, म्हणजे बीम, देणारं मोठं यंत्र) काम करते. डिटेक्टरची चित्रं एकामागोमाग एक एचडीएफ5 (मोठ्या वैज्ञानिक माहितीसाठीचा फाइल प्रकार) फाइलमध्ये जात असतात आणि प्रयोग चालू असतानाच दुसऱ्या प्रोग्रामने ती वाचून नमुना नीट बसलाय का हे सांगायचं असतं. प्रयोग संपल्यावर कळून उपयोग नसतो, बीमची वेळ संपलेली असते.

सीएसव्हीला निदान नवीन-ओळ चिन्ह आहे. एचडीएफ5 च्या आत झाडासारखी रचना असते, एक नोंद दुसरीकडे बोट दाखवते. लिहिणाऱ्याने वरची नोंद आधी डिस्कवर टाकली आणि ती जिकडे बोट दाखवते ती जागा अजून रिकामी असली, तर वाचणारा कोसळतो. म्हणून 2016 मध्ये आलेल्या 1.10 आवृत्तीत 'एक लिहिणारा, अनेक वाचणारे' अशी खास सोय केली, एसडब्ल्यूएमआर नावाची. तिचं तत्त्व साधं आहे: आधी खालच्या नोंदी डिस्कवर, मग त्यांच्याकडे बोट दाखवणारी वरची. त्यामुळे वाचणाऱ्याला कदाचित थोडं जुनं चित्र मिळेल, पण मोडकं कधीच मिळत नाही.

बंधनं कडक आहेत. ही सोय चालू केल्यावर नवा डेटासेट तयार करता येत नाही, असलेल्यातच भर घालायची. वाचणाऱ्याने दर वेळी ताजं करून घ्यायचं. आणि एनएफएसवर (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमवर) हे चालत नाही, कारण लिहिलेल्या गोष्टी त्याच क्रमाने दुसरीकडे दिसतील याची तिथे खात्री नाही. आमच्याकडे नव्याने आलेले विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात.

खटपट्या

मग सरळ एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाइलमधला छोटा डेटाबेस, का नको? भाच्याच्या प्रोग्रामने पूर्ण ओळी त्यात टाकायच्या, बाकी सगळ्यांनी तिथून वाचायच्या. 2010 च्या 3.7.0 पासून डब्ल्यूएएल (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची) पद्धत आहे. त्यात वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत, लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही. लिहिणारा एका वेळी एकच, पण इथे आहेच एक.

प्राची_क

हे छान सुचवलंत, मलाही पटतंय. कमिट झालेलंच, म्हणजे पूर्ण नोंदलेलंच, वाचणाऱ्याला दिसतं, म्हणजे अण्णांचं नवीन-ओळ चिन्ह इथे डेटाबेस स्वतः सांभाळतो.

दोन इशारे देते. डब्ल्यूएएल शेअर्ड फोल्डरवरून वापरायचं नाही. त्याला एकाच कॉम्प्युटरवरची सामाईक मेमरी लागते. मुनीमजींनी ऑफिसातून थेट डेटाबेस उघडायचा नाही. आणि बॅकअप म्हणून नुसती मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर उचलू नका. ताज्या नोंदी शेजारच्या -वाल शेपटीच्या फाइलमध्ये असू शकतात, त्या मागेच राहतील. एसक्यूलाइटची बॅकअपची आज्ञा किंवा व्हॅक्यूम इनटू ही प्रत काढणारी आज्ञा वापरा.

द्राक्षवेल

मंडळी, काम झालं, आता लॉगरची एकही ओळ गळत नाही. गजराचा प्रोग्राम रीडराइटच्या मुभेने फाइल उघडतो, नवीन-ओळ चिन्हापर्यंतच घेतो, सहा आकडे नसतील तर ती ओळ बाजूला ठेवतो. पाच मिनिटांत एकही पूर्ण ओळ आली नाही तर 'सेन्सर बघा' असा वेगळा मेसेज जातो. तो मेसेज काल खरोखर आला. वायरचा एक जोड सैल झाला होता.

एक गंमत अशी की वीज गेल्यानंतर एक विचित्र ओळ सापडली, तिच्यात नऊ आकडे! आणि मुनीमजींसाठी दर तासाला प्रत करतो, पण त्यांनी आधीची प्रत एक्सेलमध्ये उघडी ठेवली असेल तर नव्या प्रतीला ते नाव देता येत नाही.

अण्णा_जुनेजाणते

नऊ आकड्यांचं कारण सोपं आहे. वीज जाण्याआधीची ओळ अर्धी राहिली, तिला नवीन-ओळ चिन्ह मिळालंच नाही. लॉगर पुन्हा सुरू झाला आणि त्याने नवी ओळ तिलाच चिकटवली. अशी ओळ पूर्ण टाकून द्या. तोडून त्यातले आकडे वाचवायचा मोह नको, कुठला आकडा कुठल्या खोलीचा हे कोणी सांगू शकत नाही. सहापेक्षा कमी ओळ बाजूला ठेवता तशीच सहापेक्षा जास्तही ठेवा.

प्राची_क

प्रतीचं असं करा, दादा: दर तासाच्या प्रतीला नवं नाव द्या, नावात तारीख आणि तास घाला. एक्सेल उघडलेल्या फाइलचं नाव बदलायची किंवा ती पुसायची मुभा देत नाही, त्यामुळे तिच्यावर दुसरी फाइल बसवता येणारच नाही. आठवडाभराने जुन्या प्रती पुसा. एखादी उघडी असेल तर पुढच्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

आणि लॉगर मध्यरात्री नव्या तारखेची फाइल सुरू करत असेल तर भाच्याला एवढं बघायला सांगा: नवी फाइल दिसली म्हणून लगेच तिकडे उडी मारायची नाही. आधी कालच्या फाइलमध्ये जिथपर्यंत वाचलं होतं तिथून शेवटच्या नवीन-ओळ चिन्हापर्यंत वाचून घ्यायचं, मग नव्या फाइलमध्ये शून्याव्या बाइटपासून सुरुवात करायची. नाहीतर 11 वाजून 59 मिनिटांची ओळ रोज सुटेल.

द्राक्षवेल

लॉगर रोज नवी फाइलच करतो, ताई. भाच्याला आत्ताच फोन करतो.